वाढीची सुई

भागिरथा पडघान चार फूट नऊ इंच उंच होती. पांढऱ्या साडीतली ही नर्स लांबून शाळेतल्या पोरीसारखी दिसायची. जवळ आली की आधी नजरेत भरायची ती तिच्या कपाळावरची आठी. लोक म्हणत, नर्सबाई तापट आहे. ती तापट नव्हती, वैतागलेली होती. या दोहोंतला फरक तिच्या नवऱ्याशिवाय कोणाला कळत नव्हता.

ती कामरगावची. छप्पन साली बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी सतरा वर्षांच्या लेकीला नर्सचं काम शिकायला अकोल्याला धाडलं. मुलाखतीला बसलेल्या मेट्रनने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहून विचारलं, "औषधाच्या वरच्या फळीला तुझा हात पोचेल का?"

"स्टूल द्या," भागिरथा म्हणाली.

तिला घेतलं. पुढे लग्न झालं ते इंद्रभान गुरुजींशी. ते कामरगावच्या शाळेत आणि ही मानोऱ्याकडच्या तांड्यांवर. शनिवारी दुपारच्या बसने गुरुजी यायचे, रविवारी संध्याकाळच्या बसने जायचे. आठवडाभराचा सगळा वैताग त्यांना या दीड दिवसात ऐकावा लागे. ते ऐकत. मधेच "बरोबर आहे तुझं" म्हणत, आणि त्यामुळे ती आणखी चिडे.

तिच्याकडे पाच तांडे होते. त्यातला मोठा सोमला नायकाचा. बाळंतपणं, लसी, मलेरियाच्या गोळ्या, जखमा, सगळं पायी फिरून. तांड्यातले दोन-चार म्हातारे तिच्या हातची सुई घेत पण तिच्या घरचं पाणी घेत नसत. सुरुवातीला ती यावर हसायची. मग हसायचं सोडून दिलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तिने पोरांची उंची मोजायला सुरुवात केली. वरून तसा हुकूम नव्हता. दोन वर्षं पोरांनी खडीच्या कामावर मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन काढली होती. ती वाढतात की नाही हे तिला पाहायचं होतं. तिने एका सरळ बांबूवर फुटाच्या आणि इंचाच्या खुणा कोरून घेतल्या आणि तांड्यावरच्या शाळेच्या भिंतीला तो बांबू उभा केला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दौलतसिंग आपल्या पोराला घेऊन त्या बांबूपाशी आला. दौलतसिंगची चार एकर जमीन होती, त्यामुळे बाकीचा तांडा ऊसतोडीला गेला तरी तो मागे राहायचा. पोरगा रतनसिंग तेरा वर्षांचा, पण दिसायला दहाचा. भरला चार फूट सहा इंच.

"बाई, याले वाढीचं औषध द्या," दौलतसिंग म्हणाला.

"देतो ना. जंताची गोळी देतो. अन् घरी तीळ, शेंगदाने, डाळ द्या. अंडं चालत असंन तं रोज एक."

"हे तं खानं झालं. मी औषध म्हनून राह्यलो."

"खानं हेच औषध हाय याचं. दोन वर्सं पोटभर भेटलं नाई त्याले."

दौलतसिंगला ते पटलं नाही. त्याच्या मनात दुसरंच काही होतं, आणि ते तांड्यात सगळ्यांना माहीत होतं. चीनच्या लढाईनंतर तो अकोल्याला मिलिटरीच्या भरतीला गेला होता. पळण्यात पहिला आला, छाती भरली. मग उंचीची फळी खाली आली आणि त्याच्या डोक्याला टेकलीच नाही. दोन बोटं कमी पडली. साहेबाने त्याच्या छातीवरचा खडूचा आकडा हाताने पुसला आणि पुढच्याला बोलावलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. पोराच्या बाबतीत दौलतसिंगला ती दोन बोटं नशिबावर सोडायची नव्हती.

शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी शालिग्राम नावाचा माणूस दवाखाना मांडायचा. आधी तो कुठल्याशा डॉक्टरकडे कंपाउंडर होता. आता लोक त्यालाच डॉक्टर म्हणत. बोलायला गोड, हात हलका. त्याच्याकडे एक तेलकट सुई होती. छोट्या काचेच्या कुपीतून यायची, आणि खोक्यावर गुटगुटीत हसऱ्या पोराचं चित्र होतं. अशक्तपणा, भूक न लागणं, खुंटलेली वाढ, सगळ्यावर तीच. दौलतसिंग दोन बसा बदलून पोराला दर पंधरा दिवसांनी तिथे नेऊ लागला.

भागिरथाला हे कळलं ते बांबूमुळे. पुढच्या उन्हाळ्यात रतनसिंग भरला चार फूट साडेदहा इंच. वर्षात साडेचार इंच. तिने त्याला पुन्हा उभा केला, टाचा भिंतीला टेकवून पुन्हा मोजला. तेवढाच. पोटऱ्या दगडासारख्या, खांदे रुंद, तोंडावर पुटकुळ्यांचं रान, ओठावर चांगली काळी मिशी. आवाज बापासारखा.

"काय खाऊ घालता याले?" तिने विचारलं.

दौलतसिंगने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं.

"कुपी आनून दाखवा मले. खोकं पन आना."

त्याने रिकामं खोकं आणून दिलं. आतल्या कागदावर सगळं इंग्रजीत होतं. भागिरथाला अक्षरं लागायची, अर्थ अर्धाच लागायचा. ते खोकं तिने पिशवीत घातलं आणि महिन्याच्या मीटिंगला आरोग्य केंद्रावर गेली तेव्हा डॉक्टरांसमोर ठेवलं.

डॉक्टर सही करता करता म्हणाले, "हे टॉनिक आहे. कंपनीचा माणूस आपल्याकडेही देऊन गेला होता. अशक्त पोरांना चालतं."

"साहेब, चौदा वर्षांच्या पोराला मिशी आलीय. वर्षापूर्वी लेकरू होतं ते."

"मग मोठा झाला. मिशी येतेच की."

"खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते तरी वाचा."

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "लहान मुलांत जपून वापरावे. आवाज बदलू शकतो. दीर्घकाळ दिल्यास वाढ..." ते थांबले, कागद घडी करून परत दिला. "असं सगळ्याच औषधांवर लिहितात, बाई. लिहावंच लागतं. तुमचं लसीकरणाचं रजिस्टर कुठंय?"

त्या रविवारी इंद्रभान गुरुजींना जेवताना तेच ऐकावं लागलं.

"लिहावं लागतं म्हणे. मग वाचावं कोणाला लागतं? त्या दौलतसिंगला? त्याला मराठी येत नाही वाचता."

"बरोबर आहे तुझं," गुरुजी म्हणाले.

"बरोबर आहे ते मला माहीत आहे. पुढं काय ते सांगा."

पुढचं त्यांनाही माहीत नव्हतं.

तिने दौलतसिंगला गाठून सांगितलं, ही सुई बंद करा, पोराची वाढ बिघडेल. तो हसला. वाईट हसला नाही. लहान पोरगी काही बोलली की मोठी माणसं हसतात तसं.

"बाई, तुमच्याच बांबूवर मोजला ना? वाढला का घटला?"

बांबू तिचा, खुणा तिच्या, आणि पोरगा खरंच वाढला होता. ती बोलत होती ते पुढे कधीतरी होणार होतं. दौलतसिंगचं म्हणणं भिंतीला टेकून उभं होतं, पोटऱ्या फुगवून.

तांड्यात ही गोष्ट पसरली. बायका म्हणाल्या, नर्सबाई स्वतः बुटकी, म्हणून दुसऱ्याचं पोट्टं वाढलेलं तिला पाहवत नाही. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती एका बाईची जखम धूत होती. तिने जखम नीट धुतली, पट्टी बांधली आणि मग त्याच बाईला म्हणाली, "मी बुटकी हाय म्हनून माह्या डोक्यात काय कमी हाय काय?" ती बाई दचकली. तिने काहीच म्हटलं नव्हतं.

आणखी तीन घरांनी पोरांना शेलूबाजारला न्यायचं ठरवलं. भागिरथा त्या तिन्ही घरी दोन-दोनदा गेली. कुठे समजावलं, कुठे भांडली. दोन घरं थांबली, तीसुद्धा बसभाडं जास्त होतं म्हणून. तिसरं गेलंच.

मग आणीबाणी आली आणि तिचा होता तेवढा शब्दही गेला. शहात्तरच्या उन्हाळ्यात नसबंदीची जीप तांड्या-तांड्यांवर फिरायला लागली, आणि त्या जीपमध्ये भागिरथाला बसावं लागायचं. जीपचा धुरळा दिसला की माणसं मोकळ्या वावरांतून, नाल्यातून पळत. पुढे ती एकटी, पायी, लस घेऊन गेली तरी बायका पोरांना कडेवर मारून आत पळायच्या. तिच्या सुईला भिणारे हेच लोक शालिग्रामच्या सुईसाठी दोन बसा बदलून जात होते. हा विचार डोक्यात आला की ती रस्त्यात थांबायची, छत्रीचं टोक जमिनीत रुतवायची आणि मग पुढे चालू लागायची.

त्याच वर्षी हिवाळ्यात ती शाळेत पोरींच्या हातावरचे देवीच्या लशीचे वण तपासत होती. पोरी रांगेत उभ्या होत्या, पोरांना बाहेर काढलं होतं. रांगेच्या मागून कोणीतरी दुसऱ्या पोरीला म्हणालं, "सरक ना तिकडे."

जाड, फुटका आवाज. भागिरथाने मान वर केली नाही. "पोट्ट्यायनं बाहेर थांबाचं सांगतलं ना?"

कोणी हललं नाही. पोरी हसायला लागल्या. भागिरथा उठून मागे गेली. तिथे जमनी उभी होती. दौलतसिंगची लेक, रतनसिंगची बहीण, अकरा वर्षांची. ओढणी तोंडावर ओढून घेतलेली.

"तू बोलली?"

जमनीने मान डोलावली.

"ओढनी काढ."

ओठावर आणि कानशिलांपाशी गडद लव होती. हनुवटीवर पुटकुळ्या. भागिरथाने तिचा दंड हातात घेतला. तो घट्ट होता, गोल होता, पोरीसारखा नव्हता. तिने जमनीची ओढणी परत नीट केली आणि बाकीच्या पोरींना घरी जायला सांगितलं. त्या दिवशी तिने कोणावर आवाज चढवला नाही. शाळेच्या मास्तरांना त्याचंच नवल वाटलं.

जमनीची आई धुरपताबाई घरी चुलीपाशी होती. भागिरथा उंबऱ्यातच बसली.

"किती दिवसांपासून सुई चालू हाय इची?"

धुरपताबाई भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "सव्वा वर्स झालं."

"बापानं नेली?"

"म्याच म्हटलं. पोट्टं वाढलं, म्हटलं पोरगीबी वाढंन. लयच काडी झाली होती, बाई. लोक म्हनत, या पोरीले कोन करंन." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आवाज कसा झाला पाय ना इचा. मले वाटलं सर्दी हाय. मग वाटलं कोनाची नजर लागली. भगताले दाखवलं."

"मले नाई दाखवलं?"

"तू वरडतं म्हनून," धुरपताबाई म्हणाली.

भागिरथाला यावर खूप बोलायचं होतं. पण ते खरं होतं.

दोन्ही पोरांना अकोल्याला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं तिने ठरवलं. जमनीसाठी धुरपताबाई लगेच तयार झाली. रतनसिंगला दौलतसिंग सोडेना. पोराला काही झालंच नाही तर दवाखान्यात कायले, हे त्याचं म्हणणं. तेव्हा भागिरथाने आयुष्यात पहिल्यांदा रोग्याच्या घरी खोटं सांगितलं. ती म्हणाली, मिलिटरीवाले आता हाताच्या हाडाचा फोटो मागतात, आधीच काढून ठेवला तर बरं. दौलतसिंगने त्याच दिवशी पोराचा नवा सदरा काढून दिला.

अकोल्याला एक डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी दोघांच्या मनगटांचे एक्स-रे काढले, खिडकीच्या उजेडात धरले आणि भागिरथाला जवळ बोलावलं. धुरपताबाई मागे उभी होती.

"हाडाच्या टोकाशी एक कोवळी पट्टी असते," त्या म्हणाल्या. "हाड तिथूनच लांब होतं. ही सुई पुरुषाच्या हार्मोनसारख्या औषधाची आहे. दिली की आधी हाड भराभर वाढतं. घरचे खूश होतात. पण त्याच औषधाने ती पट्टी वेळेआधी पक्की होते. एकदा पक्की झाली की झालं."

रतनसिंग पंधरा वर्षांचा होता आणि त्याचं मनगट अठरा वर्षांच्या माणसाचं होतं. पट्टी जवळजवळ बुजली होती. उंची पाच फूट दीड इंच. आता फार तर अर्धा इंच, बाई म्हणाल्या, तोही नक्की नाही. सुई घेतली नसती, पोटभर खाल्लं असतं, तर सावकाश वाढत अठराव्या वर्षापर्यंत कदाचित पाच फूट पाच-सहापर्यंत गेला असता. जमनीची पट्टी थोडी उघडी होती. सुई आजच थांबवली तर ती थोडी वाढेल, पाळी येईल, लव कमी होईल.

"आवाज?" भागिरथाने विचारलं.

"आवाज परत येत नाही."

"खरंच वाढीचं असं कोणतं औषध आहे का, बाई? मला सगळे तेच विचारतात."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाकिटात घातला. "मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी गाठ असते. तिच्यातून वाढीचा रस येतो. काही थोड्या मुलांत तो जन्मापासूनच येत नाही. परदेशात मेलेल्या माणसांच्या गाठींतून तो काढून अशा मुलांना देतात. आपल्याकडे तो मिळत नाही. तोही पुढे किती निर्धोक ठरेल कोणाला माहीत. तुमच्या पोरांना तो रस कमी नाही. त्यांना जेवण कमी पडलं होतं."

परतीच्या बसमध्ये रतनसिंगने विचारलं, "बाई, माहा फोटो चांगला आला?"

धुरपताबाईने खिडकीकडे तोंड केलं. भागिरथाने त्याला सगळं सांगितलं. हळू आवाजात, हाडाची पट्टी, सुई, अर्धा इंच. तिला वाटलं होतं तो रडेल किंवा चिडेल. अलीकडे तो चिडला की भांडी फेकायचा. तो आपलं मनगट दुसऱ्या हाताने दाबून पाहत राहिला. मग म्हणाला, "बापाले तूच सांग."

तिने सांगितलं. दौलतसिंग ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला तो सुईच्या गोष्टीने नाही.

"म्हंजे मिलिटरीवाले फोटो मागतच नाई?"

"नाई."

"तुमी खोटं बोलल्या."

"व्हय. नाई तं तुमी त्याले पाठवलं नसतं."

"मंग हे बी खोटंच असंन," दौलतसिंग म्हणाला आणि उठून गेला.

त्याने रतनसिंगला आणखी दोनदा शेलूबाजारला नेलं. तिसऱ्यांदा रतनसिंगच बसमध्ये चढला नाही.

भागिरथा स्वतः शेलूबाजारला गेली ती इंद्रभान गुरुजींना घेऊन. गुरुजी म्हणाले, "मी बोलू का?" ती म्हणाली, "तुम्ही फक्त उभे राहा." बाजार भरला होता. शालिग्रामच्या टिनाच्या खोलीसमोर दहा-बारा माणसं बसलेली. तिने आत जाऊन दोन्ही एक्स-रे त्याच्या टेबलावर ठेवले आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.

शालिग्रामने चिठ्ठी वाचली. त्याला इंग्रजी तिच्यापेक्षा बरं येत होतं. तो भांडला नाही, उलट तिच्यासाठी बाहेरून चहा मागवला.

"ताई, मी काय पानी भरून देत नाई. खरं औषध हाय. मोठे डॉक्टर देतात. माह्या लेकीले बी देऊन राह्यलो मी."

त्याची लेक खोलीच्या दारात बसली होती. आठ-नऊ वर्षांची पोरगी, बापाच्या रिकाम्या खोक्यांचं घर करत. भागिरथाने तिला जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"इथं पाहा," ती शालिग्रामला म्हणाली.

"लव असते पोरीयले."

"एवढी? तुमच्या बायकोले इचारा, एवढी असते का म्हनून." मग पोरीला म्हणाली, "तुझं नाव सांग, माय. मोठ्यानं."

पोरीने नाव सांगितलं. आवाज घोगरा होता. शालिग्रामने तो रोज ऐकला असणार. त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. हातातला चहा टेबलावर ठेवला आणि बाहेरच्या माणसांना सांगितलं, थोडं थांबा. भागिरथाला एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलायचं होतं, रस्ताभर तिने ते मनात घोळवलं होतं. पण लेकीकडे पाहणाऱ्या त्या माणसाला काय बोलणार? ती एवढंच म्हणाली, "तिची आजपासून बंद करा. अन् बाकीच्यायची बी."

ती सुई बंद झाली. पुढच्या महिन्यात कोणीतरी सांगितलं की शालिग्राम आता पिवळ्या रंगाची दुसरी सुई देतो, यकृताची, भुकेसाठी. भागिरथाने डोक्याला हात लावला. तिने तालुक्याला तक्रारीचा अर्ज केला. उत्तर आलं की अर्ज योग्य त्या अधिकाऱ्याकडे पाठवला आहे. तो योग्य अधिकारी कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली दौलतसिंग रतनसिंगला भरतीला घेऊन गेलाच. रतनसिंग म्हणत होता जायचं नाही, पण बापाच्या समाधानासाठी गेला. फळी खाली आली. पाच फूट दोन इंच, कमीच. बाहेर आल्यावर दोघांनी स्टँडवर भजी खाल्ली आणि घरी आले. त्यानंतर रतनसिंग मानोऱ्याला एका मिस्त्रीकडे विहिरीवरच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम शिकायला लागला. विहिरीत उतरायचं असलं की मिस्त्री त्यालाच सांगे. हात चांगला होता. राग मात्र गेला नाही; तो सुईचा होता की बापाचा, हे त्यालाही सांगता येत नसे.

जमनीला पाळी उशिरा आली पण आली. ती बातमी धुरपताबाईने भागिरथाला नाल्यावर कपडे धुताना सांगितली, आणि दोघी तिथेच दगडावर बसून राहिल्या. लव कमी झाली. आवाज तोच राहिला. सातवीला मानोऱ्याच्या शाळेत हजेरीला ती "हजर" म्हणाली की वर्ग हसायचा, म्हणून तिने शाळाच सोडली. भागिरथा शाळेत गेली आणि तिथल्या मास्तरांना वर्गासमोरच म्हणाली, "पोरं हसतात ते कळतं मला. तुम्ही काहून हसता?" जमनी आणखी एक वर्ष गेली. मग दिग्रसकडच्या एका घरी तिचं लग्न ठरलं. चौदा वर्षांची होती. त्या लग्नाला भागिरथा गेली नाही. महिनाभर धुरपताबाईशी बोलली नाही. मग जमनी माहेरी आली तेव्हा तीच विचारायला गेली, सासरी कसे आहेत म्हणून. जमनी म्हणाली, "बरे हायेत. सासू म्हनते, वावरातून आवाज दिला तं घरी आयकू येते." सांगताना तिला हसू आलं होतं. भागिरथाला हसावं की नाही कळलं नाही.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात भागिरथाची बदली कामरगावच्या बाजूला झाली. बारा वर्षांनी नवरा-बायको एका घरात राहणार होते. निघायच्या दिवशी दौलतसिंग न बोलावता आला आणि तिची ट्रंक डोक्यावर घेऊन बस थांबते तिथपर्यंत चालला. एक्स-रेच्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. बस यायला वेळ होता. त्याने ट्रंक खाली ठेवली आणि रस्त्याकडे पाहत विचारलं, "बाई, त्या अकोल्याच्या डाक्टरीनबाईनं सांगतलं होतं ते हाडाचं. ते खरंच होतं काय?"

भागिरथाने त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षं झाली होती. पोरगा पाच फूट दोनवर थांबला होता, भरती होऊन गेली होती, लेकीचा आवाज लग्नापर्यंत रोज घरात ऐकू आला होता.

"तुमाले काय वाटते?" ती म्हणाली.

लांब वळणावर बस दिसली.

"खरं असंन," तो म्हणाला आणि ट्रंक टपावर चढवायला पुढे गेला.

संध्याकाळी कामरगावला सामान लावताना तिने हे गुरुजींना सांगितलं. "असंन म्हणाला. होतं म्हणाला नाही. तीन वर्षांत एवढंच पुढं सरकला तो."

"सरकला तरी," गुरुजी म्हणाले.

तिने हातातली पातेली त्यांच्याकडे दिली आणि वरच्या फळीवर ठेवायला सांगितली.